माझा काय फॉल्ट? इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांची गोष्ट

आजचा एपिसोड तोंडाने बोलून बघायचा आहे, तेव्हा शेजारी कोणी झोपलं असेल तर जरा हळू बोला. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित मजकूर.

एक जुना विनोद आहे, तुम्ही शाळेत ऐकलाच असेल. एक मुलगा एन-ए-टी-यू-आर-ई हे स्पेलिंग 'नटुरे' असं वाचतो. सर वैतागून म्हणतात, "अरे, असंच वाचत राहिलास तर तुझं फुटुरे बरबाद होईल!" वर्ग हसतो, संपलं.

पण समजा, हाच मुलगा साधारण सव्वासहाशे वर्षांपूर्वी, कवी चॉसरच्या काळातल्या लंडनमध्ये असता, तर? तिथे लोक त्या शब्दाचा उच्चार 'नातूर'च्या बराच जवळ जाणारा करत होते. एन-ए-एम-ई या शब्दाचा उच्चार तेव्हा 'नेम' नव्हता, साधारण 'नाम' असा होता. हो, आपलंच 'नाम'. दोन्ही शब्द मुळात एकाच भाषाकुळातले. म्हणजे ज्या उच्चाराला आपण हसलो, तो चुकीचा कमी आणि उशिरा आलेला जास्त.

आता हा विषय का घेतला ते सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, दिवसातले दोन-तीन तास कॉलवर जातात. आमच्या टीममध्ये एक मुलगा नवीन आला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कोड एकदम स्वच्छ लिहिणारा. एका कॉलवर तो बोलता बोलता 'हायपरबोल' म्हणाला. त्याला म्हणायचं होतं 'हायपर्बली', म्हणजे अतिशयोक्ती. कोणीतरी माइक चालू करून हसलं आणि शब्द दुरुस्त केला. झालं, पुढचे कित्येक आठवडे हा मुलगा कॉलवर बोललाच नाही. जे सांगायचं ते चॅटमध्ये टाइप करायचा. त्याच्या डोक्यात चांगल्या कल्पना होत्या, पण त्या टायपिंगच्या वेगाने येत होत्या आणि तोवर मीटिंग संपलेली असायची.

एका शब्दाच्या उच्चाराची ही किंमत फार जास्त आहे. म्हणून आज बघू की ही इंग्रजी स्पेलिंगं अशी झाली कशी आणि त्यात नक्की फॉल्ट कोणाचा. हा 'फॉल्ट' शब्द लक्षात ठेवा बरं का, तो पुढे परत येणार आहे.

अंडं मागितलं आणि भांडण झालं

1476 साली विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. इंग्लंडमधला हा पहिला छापखाना. त्याआधी तो बरीच वर्षं ब्रूज शहरात, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये राहिला होता.

कॅक्स्टनपुढे एक भलताच प्रश्न होता. इंग्रजी एक नव्हतीच! दर शे-दीडशे किलोमीटरवर बोली बदलायची. 1490 साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा दिलाय. थेम्स नदीतून समुद्राकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे वाटेत थांबले आणि किनाऱ्यावर खायला मागायला गेले. एकाने एका घरच्या बाईकडे 'एगीस' मागितले, म्हणजे अंडी. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हतं, तो इंग्रजीच बोलत होता! शेवटी दुसऱ्या कोणीतरी 'आयरन' हा शब्द वापरला, तेव्हा बाईला कळलं. अंड्यासाठी तिच्या बोलीत तोच शब्द होता. किस्सा सांगून कॅक्स्टन विचारतो, आता मी छापू तरी काय?

त्याने आणि पुढच्या छापखानेवाल्यांनी काहीतरी निवडलं आणि छापलं. हजारो प्रती निघाल्या आणि तेच स्पेलिंग लोकांच्या डोळ्यात बसलं. 'घोस्ट', म्हणजे भूत, या शब्दात तो एच का आहे? जुन्या इंग्रजीत तो नव्हता. छापखान्यात काम करणाऱ्यांना फ्लेमिश भाषेतल्या स्पेलिंगची सवय होती, तिथे जी-एच लिहायचे. ती सवय इंग्रजीत उतरली आणि पाचशे वर्षं राहिली.

यात मोठा घोटाळा असा झाला की छपाई सुरू झाली तेव्हा इंग्रजीचे स्वर सरकत होते. अंदाजे 1400 ते 1700 या काळात दीर्घ स्वर एकेक करून जागा सोडत गेले. 'नाम'चा 'नेम' झाला, 'हूस'चा 'हाउस' झाला, 'फीव'चा 'फाइव्ह' झाला. भाषाशास्त्रात याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. 'नाइट', म्हणजे सरदार, हा शब्द बघा. स्पेलिंग के-एन-आय-जी-एच-टी. हे सगळं एकेकाळी खरंच बोललं जायचं, 'क्निख्ट' असं काहीतरी. पुढे के गळाला, घशातला ख गळाला, पण छापलेलं स्पेलिंग तिथेच उभं राहिलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंट चालू असतानाच कोणीतरी कोड फ्रीज केला. मागचं व्हर्जन कागदावर राहिलं आणि पुढचं लोकांच्या तोंडात.

जी अक्षरं नंतर घुसवली

इथवर ठीक आहे. आता मजेदार भाग. काही मुकी अक्षरं अशी आहेत, जी इंग्रजीत कधी बोललीच जात नव्हती. ती मुद्दाम नंतर आणून बसवली.

'डेट' घ्या, म्हणजे कर्ज. स्पेलिंग डी-ई-बी-टी. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लोक डी-ई-टी-टी-ई असं लिहायचे आणि तसंच बोलायचे. सगळं सुखात चाललं होतं. मग 15व्या-16व्या शतकात विद्वानांमध्ये लॅटिनचं वेड आलं. त्यांना आठवलं की या शब्दाचा लॅटिन पूर्वज 'डेबिटुम' आहे. तिथे बी आहे, मग इथे का नको? टाका बी. शंका या अर्थाच्या 'डाउट'चंही तेच झालं. त्याचा पूर्वज 'दुबितारे', म्हणून तिथेही बी.

सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. शेक्सपिअरचं 'लव्हज लेबर्स लॉस्ट' हे नाटक 1598 साली छापलं गेलं. त्यात होलोफर्नीझ नावाचा एक पंतोजी आहे. लोक या शब्दांमधला बी खाऊन टाकतात, म्हणून हा त्रागा करतो. शेक्सपिअरने त्याला चक्क विनोदी पात्र केलंय. म्हणजे बघा, त्या वेळच्या प्रेक्षकांनाही हा बी बोलून दाखवणारा माणूस हास्यास्पद वाटत होता.

याच कारखान्यातून निघालेले आणखी काही शब्द ऐका. बोलून बघा सोबत.

'इन्डाइट'. स्पेलिंग आय-एन-डी-आय-सी-टी. अर्थ, एखाद्यावर कोर्टात औपचारिक आरोप ठेवणं. मधला सी लॅटिनच्या आठवणीत घातलेला, उच्चारात शून्य. अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये हा शब्द सतत येतो आणि आपल्याकडे हमखास 'इन्डिक्ट' वाचला जातो.

'व्हिटल्स'. स्पेलिंग व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस. अर्थ, खाण्यापिण्याचं सामान, आपला शिधा. हा फ्रेंचमधून सी शिवाय आला होता. विद्वानांनी सी बसवला, बोलणाऱ्यांनी तो कधीच बोलला नाही. आज हा शब्द जुन्या कादंबऱ्यांमध्ये भेटतो.

'सॅमन', तो मासा. यातला एल पण लॅटिनच्या नावाने आलेला पाहुणा.

'रिसीट', म्हणजे पावती. पी घातला. पण त्याच घरातले 'डिसीट', म्हणजे फसवणूक, आणि 'कन्सीट', म्हणजे गर्व, यांना मात्र पी मिळाला नाही. तिन्ही भावंडं लॅटिनच्या एकाच क्रियापदातून निघालेली, पण अंगठी एकालाच. 1755 साली सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश आला, सुमारे 42 हजार शब्दांचा. त्यातही हा भेदभाव तसाच आहे आणि मग तो कायमचा झाला.

आणि काही वेळा तर विद्वान सरळसरळ चुकले. 'आयलंड', म्हणजे बेट. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात एस नव्हता. पण त्याच अर्थाचा 'आइल' हा शब्द फ्रेंचमधून आलेला, त्याचा पूर्वज लॅटिन 'इन्सुला', त्यात एस होता. लोकांना वाटलं दोन्ही नातेवाईक असणार आणि आयलंडमध्येही एस घुसला. नातं काहीच नव्हतं! 'सायद', म्हणजे गवत कापायचा लांब दांड्याचा विळा, यात सी असाच गैरसमजातून आला. आणि बर्फाळ प्रदेशात 'टार्मिगन' नावाचा पक्षी असतो, तित्तिराच्या जातकुळीतला. नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं. पण कोणाला तरी ते ग्रीक वाटलं आणि पुढे एक पी चिकटवला गेला. तो बिचारा पक्षी अजून तो पी घेऊन फिरतोय.

या यादीतला माझा आवडता शब्द 'कर्नल'. स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल. यात र कुठे आहे? शब्द मूळ इटालियन 'कोलोनेल्लो', सैन्याच्या तुकडीचा, म्हणजे कॉलमचा, प्रमुख. फ्रेंचांनी त्याचा 'कोरोनेल' केला, कारण लागोपाठ दोन ल जिभेला जड जात होते. इंग्रजांनी तोच घेतला, र सकट. मग जाणकारांनी मूळ इटालियन बघून स्पेलिंगमध्ये परत एल आणला. पण लोकांच्या तोंडात र राहिला तो राहिला. आणि मराठीने काय केलं? स्पेलिंगकडे बघितलंच नाही. कानाने ऐकलं आणि देवनागरीत लिहिलं, कर्नल. या एका शब्दापुरतं तरी आपलं लिखाण इंग्रजांपेक्षा प्रामाणिक आहे.

वाचणारे जिंकले तेव्हा

आता तो शब्द, फॉल्ट.

वीज गेली की वायरमन म्हणतो, लाइनला फॉल्ट आलाय. भांडण झालं की आपण म्हणतो, यात माझा काय फॉल्ट? हा शब्द इतका आपला झालाय. त्यातला ल आपण ठणठणीत बोलतो. पण गंमत बघा, हा एल सुद्धा त्या डेटमधल्या बी सारखाच नंतर घुसवलेला. मूळ फ्रेंच शब्द 'फोत', त्यात ल नाही. इंग्रजीतही शतकानुशतकं तो ल शिवाय बोलला जायचा. जॉन्सनच्या कोशातही नोंद आहे की हा एल कधी उच्चारतात, कधी नाही, आणि बोलण्यात बहुतेकदा गाळतात. म्हणजे 1755 सालीसुद्धा!

मग झालं काय? वाचणारे वाढले. लोकांनी पुस्तकात एल बघितला आणि तो बोलायला लागले. जुन्या उच्चाराच्या लोकांना ते नक्कीच खटकलं असणार. पण हळूहळू वाचणाऱ्यांचा उच्चार हाच बरोबर उच्चार झाला. 'फॉल्ट' या शब्दाचा आजचा शुद्ध उच्चार हा एकेकाळचा फॉल्ट आहे.

आणि हा एकटा नाही. 'पर्फेक्ट' आधी 'पार्फिट' होता, सी लॅटिनवरून आला आणि मग बोलला जाऊ लागला. 'ॲडव्हेंचर'मध्ये डी नव्हता. 'ऑथर', म्हणजे लेखक, यात आधी साधा टी होता. कोणाला तरी तो ग्रीक शब्द वाटला म्हणून टी-एच लिहिलं गेलं. लॅटिन मुळात एचचा पत्ताच नाही, पण लोकांनी वाचलं तसं 'थ' बोलायला सुरुवात केली. आज 'ऑटर' म्हणणारा चुकीचा ठरेल. 'ऑफन' या शब्दात हीच लढाई आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. काही जण 'ऑफन' म्हणतात, काही 'ऑफ्टन'. दोन्ही कोशात सापडतात.

आता परत त्या कॉलकडे बघा. 'हायपरबोल' म्हणणाऱ्या मुलाने काय केलं होतं? शेवटी ई दिसला, तो मुका धरला. 'होल', 'पोल', 'रोल' या सगळ्यांत तसंच होतं. त्याचा नियम बरोबर होता, शब्द मात्र ग्रीक निघाला आणि ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांत शेवटचा ई बोलतात. तसाच 'इपिटमी', स्पेलिंग ई-पी-आय-टी-ओ-एम-ई, अर्थ एखाद्या गुणाचा मूर्तिमंत नमुना. यालाही हमखास 'एपिटोम' म्हटलं जातं. हा उच्चार चुकतो त्याच माणसाचा, ज्याने तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकण्याआधी पुस्तकात वाचलेला असतो. म्हणजे ही चूक वाचनाची पावती आहे. मुक्या पी सकट!

आमच्या कामातले शब्दही असेच परदेशी पासपोर्ट घेऊन आलेले. 'कॅश', सी-ए-सी-एच-ई, फ्रेंचमधला लपवून ठेवणं या अर्थाचा शब्द. लपवलेला साठा म्हणून मेमरीच्या त्या भागाला हे नाव. 'क्यू', पाच अक्षरं आणि उच्चार पहिल्या एकाचाच, फ्रेंचमध्ये अर्थ शेपूट. 'फसाड', इमारतीचा दर्शनी भाग. फ्रेंचमध्ये त्या सीखाली एक छोटी शेपटी असते, ती सांगते की इथे स वाचा. इंग्रजीत बरेचदा ती शेपटीच लिहीत नाहीत, मग वाचणारा 'फकेड' म्हणतो. 'सेग्वे', एस-ई-जी-यू-ई, इटालियन संगीतातला शब्द, एका भागातून दुसऱ्यात अलगद शिरणं. आयफोनचे ॲप बनवणाऱ्यांना हा रोज भेटतो.

दुरुस्ती कोणी केली नाही का?

प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने आपल्या कोशांमधून 'कलर'मधला यू काढला, तो निघाला. पण त्याने 'विमेन'साठी डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन सुचवलं, ते कोणी घेतलं नाही. 1906 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला 300 सोपी स्पेलिंगं वापरायचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेने विरोध केला आणि त्याच वर्षी प्रकरण गुंडाळलं गेलं. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी तर मृत्युपत्रात नव्या इंग्रजी लिपीसाठी पैसे ठेवले. लिपी तयार झाली, 1962 साली त्यांचं एक नाटक त्यात छापलं गेलं आणि गोष्ट तिथेच थांबली.

उच्चारांचं म्हणाल तर 1926 साली बीबीसीला आपल्याच निवेदकांना कोणता शब्द कसा बोलायचा हे सांगायला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. निवेदक सगळे इंग्रजी मातृभाषेचे. त्यांना समिती लागते, तर आपण एका शब्दावर अडखळलो म्हणून आभाळ कोसळत नाही.

आणि इथे मराठीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजोबांच्या काळातलं एखादं पुस्तक उघडा. 'पांच', 'दांत', 'गांव', 'नांव', 'कांहीं' असे ठिपकेच ठिपके दिसतील. ते अनुस्वार बोलले जात नव्हते. 'पांच'वरचा टिंब हा संस्कृत 'पंच'ची आठवण होता, जसा डेटमधला बी लॅटिनची आठवण. फरक एवढाच की आपला नासिक्य उच्चार कधीकाळी खरंच होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 साली लागू झाले आणि त्यांनी सांगून टाकलं, व्युत्पत्तीने सिद्ध होत असला तरी न बोलला जाणारा अनुस्वार द्यायचा नाही. झालं, ठिपके गेले. रूझवेल्टना जे जमलं नाही ते मराठीत जमलं.

अर्थात फार कॉलर ताठ करू नका. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च एकच लिहितो, पण वेगळा बोलतो. 'ज्ञान' लिहितो आणि 'द्न्यान' म्हणतो. मराठी शिकणारा एखादा परप्रांतीय मित्र 'चमचा'मधला च 'चहा'सारखा म्हणतो, तेव्हा त्याने नियमाप्रमाणेच वाचलेलं असतं.

मग करायचं काय?

आजचा उच्चार शिकायचाच, कारण समोरच्याला कळणं महत्त्वाचं. फोनमध्ये कोश आहे, शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबा आणि दोनदा मोठ्याने म्हणा. शब्द कुठून आला तेही बघा. फ्रेंच, ग्रीक की लॅटिनची डागडुजी, हे कळलं की एका शब्दाबरोबर त्याची पाच भावंडं सुटतात.

पण शब्द माहीत होईपर्यंत गप्प बसायचं नाही. आणि कॉलवर दुसऱ्याचा उच्चार चुकला तर माइक चालू करून हसायचं नाही. अर्थ कळला असेल तर मीटिंग पुढे न्या. सांगायचंच असेल तर नंतर एकट्याला, मित्रासारखं सांगा.

पुढच्या भागात पोर्तुगीजांनी आपल्या स्वयंपाकघरात ठेवलेल्या शब्दांबद्दल बोलू. पाव, बटाटा वगैरे मंडळी. तोपर्यंत तुम्हाला छळणारा एक इंग्रजी शब्द मला पाठवा, लिहून नको, व्हॉइस नोटमध्ये. उच्चार जसा येईल तसा. भेटूच!